काँप्टनचा शाहीर : केंड्रिक लमारच्या सहा अल्बमांविषयी

(एक विद्यार्थी, द्वितीय वर्ष कला)

२०१८ साली अमेरिकेतील पुलित्झर पारितोषिक संगीत विभागात केंड्रिक लमार या रॅप गायकाच्या 'डॅम' या अल्बमला देण्यात आले. संगीतासाठी हे पारितोषिक १९४३ पासून दिले जाते. तोवर ते पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या किंवा जॅझच्या रचनांच्याच वाट्याला आले होते. त्या दोहोंबाहेरच्या कृतीला ते मिळण्याची ही पहिलीच वेळ. आपल्याकडे मात्र रॅपचे नाव काढले की सुशिक्षित मंडळींच्या कपाळाला आठी पडते. 'हे गाणे आहे की भांडण?' हा प्रश्न मला वसतिगृहात कितीतरी वेळा विचारला गेला आहे. त्याचे उत्तर एकदा सविस्तर द्यावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू.

मी संगीताचा जाणकार नाही. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. आईवडील दरवर्षी मुकादमाची उचल फेडण्यासाठी कारखान्यावर ऊसतोडीला जातात. इंग्रजी भाषा माझ्यासाठी पुस्तकात होती, कानावर फारशी कधी पडली नाही. तरीही मोबाईलवर शब्दकोश उघडा ठेवून, एकेक ओळ पाच-पाच वेळा ऐकून मी गेल्या तीन वर्षांत लमारचे सहा मुख्य अल्बम पार केले. (२०१६ साली निघालेला उरल्यासुरल्या रचनांचा छोटा संग्रह येथे धरलेला नाही.) पुढील मते या सहा अल्बमांविषयी आहेत. ती एका चाहत्याची आहेत, पण आंधळ्या चाहत्याची नाहीत.

प्रथम रॅप म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात सेजविक अ‍ॅव्हेन्यूवरील एका इमारतीत कूल हर्क या जमैकात जन्मलेल्या तरुणाने आपल्या बहिणीच्या समारंभात रेकॉर्डी वाजवल्या. तो दिवस हिप-हॉपचा जन्मदिवस मानला जातो. त्याची युक्ती साधी होती. गाण्यात मध्येच गायन थांबून नुसता ठेका वाजतो, तो तुकडा लोकांना नाचायला आवडतो. हर्कने एकाच गाण्याच्या दोन रेकॉर्डी दोन तबकड्यांवर ठेवल्या आणि एक संपताच दुसरी सुरू करून तो ठेका हवा तेवढा लांबवला. त्या ठेक्यावर कोणीतरी लयीत बोलू लागले, तेच रॅप. चार ठोक्यांचा एक बार आणि साधारणपणे सोळा बारांचे एक कडवे, अशी त्याची बांधणी असते. यमक नुसते ओळीच्या शेवटी येत नाही, ओळीच्या पोटातही दोन-तीनदा येते. डफाच्या थापेवर शाहीर पोवाड्यातला कथाभाग ज्या वेगाने सांगत जातो, ते ज्याने ऐकले आहे त्याला रॅप अगदीच परका वाटू नये.

केंड्रिक लमार डकवर्थ याचा जन्म १७ जून १९८७ रोजी कॅलिफोर्नियातील काँप्टन या गावी झाला. लॉस एंजेलिसच्या दक्षिणेचे हे छोटे शहर टोळीयुद्धांसाठी कुप्रसिद्ध. लाल रंग ब्लड्स टोळीचा, निळा क्रिप्स टोळीचा. कोणत्या गल्लीत कोणत्या रंगाचा सदरा घालून जावे, यावर जीव राहणे-न राहणे ठरत असे. १९९२ साली रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला मारहाण करणारे पोलीस न्यायालयात सुटले, तेव्हा उसळलेल्या दंगलीत ६० हून अधिक माणसे मेली. केंड्रिक तेव्हा पाच वर्षांचाही नव्हता. आठ वर्षांचा असताना त्याने आपल्याच गावात टुपाक शकूर आणि डॉ. ड्रे यांना एका गाण्याचे चित्रीकरण करताना पाहिले. टुपाक पुढच्याच वर्षी, १९९६ साली, गोळ्या लागून मेला. केंड्रिकच्या सर्व लेखनावर या दोन गोष्टींची, गल्लीची आणि टुपाकची, सावली आहे.

पहिला अल्बम 'सेक्शन.८०' २०११ चा. अमेरिकेत गरिबांना घरभाड्यासाठी मिळणाऱ्या सरकारी साह्याचे लोकांच्या तोंडचे नाव 'सेक्शन एट' आणि केंड्रिकच्या पिढीचे जन्मदशक ऐंशीचे, या दोन्हींचा जोड म्हणजे हे शीर्षक. यातली सर्वच गाणी सारख्या तोलाची नाहीत. काही ठिकाणी तो नुसता हुशारी दाखवतो. परंतु देहविक्रय करणाऱ्या आणि शेवटी मारल्या जाणाऱ्या कीशा नावाच्या मुलीवरील गाणे मात्र विसरता येत नाही. ते लक्षात ठेवावे, कारण पुढच्या अल्बममध्ये त्या गाण्याचा हिशेब होणार आहे.

२०१२ चा 'गुड किड, मॅड सिटी' हा त्याचा सर्वांत सुबक अल्बम. मुखपृष्ठावरच 'केंड्रिक लमारचा लघुपट' असे लिहिलेले आहे आणि खरोखरच तो तसा आहे. आईची गाडी मागून नेलेला सोळा-सतरा वर्षांचा मुलगा एका मुलीला भेटायला जातो, मित्रांच्या नादाने घरफोडीत सामील होतो, मार खातो, आणि त्याच्या डोळ्यांदेखत मित्राच्या भावाला गोळी लागते. गाण्यांच्या मधून आईवडिलांचे फोनवरील निरोप ऐकू येतात. वडिलांना चिंता त्यांच्या डॉमिनोच्या सोंगट्यांची, आईला तिच्या गाडीची. हे निरोप प्रथम ऐकताना हसू येते. शेवटच्या निरोपात आईचा आवाज बदलतो आणि हसू थांबते. क्रम उलटसुलट ठेवून ही कथा सांगितली आहे, त्यामुळे दोन-तीनदा ऐकल्यावरच ती नीट जुळते.

या अल्बममध्ये बारा मिनिटांचे एक गाणे आहे : 'सिंग अबाउट मी, आय ॲम डाइंग ऑफ थर्स्ट'. त्यात पहिले कडवे मेलेल्या मुलाच्या भावाच्या तोंडी आहे, आणि ते संपण्यापूर्वीच गोळ्यांचा आवाज येऊन तो आवाज तुटतो. दुसरे कडवे कीशाच्या बहिणीचे. ती चिडलेली आहे. माझ्या बहिणीची गोष्ट जगापुढे मांडण्याचा अधिकार तुला कोणी दिला, असा तिचा सवाल. आपण मुळीच विसरले जाणार नाही असे ती बजावत असतानाच तिचा आवाज हळूहळू विरत जाऊन नाहीसा होतो. तिसऱ्या कडव्यात केंड्रिक स्वतः उत्तर देतो, पण ते उत्तर पुरते नाही हे त्यालाही ठाऊक आहे.

हे गाणे मला फार जवळचे वाटते. निबंधात 'ग्रामीण जीवनातील समस्या' असा विषय आला की मी ऊसतोडीवर लिहितो. मला चांगले गुण मिळतात. माझ्या आईच्या हाताला पाचटाने पडलेल्या चिरांचे ते गुण असतात. तिला त्यातले काही मिळत नाही. तिने तो निबंध वाचलेलाही नाही. दुसऱ्याचे दुःख सांगणाऱ्याने त्या दुसऱ्याला काय द्यावे? स्वतःच्याच यशस्वी गाण्याविरुद्ध साक्षीदार उभा करून हा प्रश्न विचारणारा कवी मला अभ्यासक्रमातही क्वचितच भेटला आहे.

यानंतर २०१५ साली 'टू पिंप अ बटरफ्लाय' आला. माझ्या मते सहांत हा श्रेष्ठ. यातील संगीतात जॅझ आणि फंक यांचा भरणा आहे. कमासी वॉशिंग्टन, थंडरकॅट, टेरेस मार्टिन, रॉबर्ट ग्लॅस्पर असे कसलेले वादक येथे आहेत, आणि फंकचे जुने उस्ताद जॉर्ज क्लिंटन पहिल्याच गाण्यात भेटतात. त्यामुळे प्रथम ऐकणाऱ्याला हा अल्बम गर्दीचा वाटतो. त्याची रचना समजली की ती गर्दी नीट जागेवर बसते. अल्बमभर केंड्रिक एक कविता म्हणतो. एका गाण्याअखेर तिच्या थोड्या ओळी, पुढे तिच्यातच आणखी काही ओळींची भर, असे करीत ती शेवटच्या गाण्यात पुरी होते. आपला कीर्तनकार निरूपणासाठी एक अभंग घेतो, दृष्टान्त देत दूरवर जातो आणि पुन्हा त्याच अभंगाच्या चरणाशी येतो, तशीच ही रीत. शेवटी कळते, की ही कविता तो टुपाकला वाचून दाखवीत होता. टुपाकच्या १९९४ मधील एका मुलाखतीतील आवाज वापरून दोघांचा संवाद घडवला आहे. केंड्रिक शेवटचा प्रश्न विचारतो, पण टुपाककडून उत्तर येत नाही. अल्बम तेथेच संपतो.

यातील 'हाउ मच अ डॉलर कॉस्ट' हे गाणे आपल्या वाचकांना लगेच पटेल. दक्षिण आफ्रिकेत पेट्रोलपंपावर एक भिकारी केंड्रिककडे एक डॉलर मागतो. तो देत नाही. हा व्यसनी असणार, असा त्याचा तर्क. गाण्याअखेर भिकारी सांगतो की मी देव आहे. देव दीनाच्या रूपाने येतो ही गोष्ट आपल्याला नवी नाही. रामेश्वराला न्यायचे गंगाजल एकनाथांनी वाटेत तहानेल्या गाढवाला पाजले, ते आख्यान आपण लहानपणापासून ऐकत आलो. फरक इतकाच की आख्यानातले संत परीक्षेत उतरतात आणि येथे सांगणारा स्वतःच नापास होतो. त्यामुळे गोष्ट ऐकून 'धन्य' म्हणता येत नाही. आपण गेल्या आठवड्यात कोणाला हुसकावले ते आठवू लागते.

परंतु या अल्बमचे मर्म 'यू' या गाण्यात आहे. प्रसिद्धी मिळाल्यावर एका हॉटेलच्या खोलीत तो दारूच्या अमलाखाली स्वतःला शिव्या देतो. गावाकडचा मित्र गोळी लागून इस्पितळात होता, तेव्हा हा दौऱ्यावर होता, भेटायला न जाता फोनवर चेहरा दाखवून मोकळा झाला, मित्र गेला. धाकट्या बहिणीकडेही लक्ष दिले नाही. आवाज अक्षरशः फाटलेला आहे, मध्ये बाटलीचा नाद आहे. असे गाणे दुसऱ्यांदा लावायला धीर लागतो. लगेच पुढचे गाणे 'ऑलराइट' येते, जे २०१५ मध्ये पोलिसी अत्याचाराविरुद्धच्या मोर्चांत लोकांनी घोषणेसारखे म्हटले. मोर्चातल्या लोकांना त्यातली उमेद दिसली, आणि ते योग्यच. मात्र अल्बममध्ये ती उमेद 'यू' मधल्या रडण्यानंतर येते, म्हणून तिला वजन आहे. पुढे 'आय' या गाण्यात तोच माणूस स्वतःवर प्रेम करायला शिकतो, तर नेमके तेव्हा श्रोत्यांत भांडण होते आणि गाणे थांबवून त्याला लोकांची समजूत घालावी लागते.

गाव सोडून पुढे गेलेल्याने मागे राहिलेल्यांचे काय देणे लागते, हा या अल्बमचा विषय आहे. माझ्याबरोबर दहावीपर्यंत एका बाकावर बसणारे दोघे आज टोळीत कोयता धरून आहेत. माझ्यापेक्षा त्यांतला एक गणितात हुशार होता. मी येथे ग्रंथालयात पंख्याखाली बसतो, याचा मला आनंद आहे आणि त्या आनंदाची लाजही वाटते. या दोन्ही भावना एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे मला आठ हजार मैलांवरच्या एका माणसाने सांगितले.

२०१७ चा 'डॅम' त्यामानाने मोजका आणि धारदार. चौदा गाणी, शीर्षके बहुधा एकाच शब्दाची. 'फिअर' या गाण्यात सात, सतरा आणि सत्तावीस या वयांतील तीन भये आहेत : आईच्या माराचे, रस्त्यावर मरण्याचे आणि मिळवलेले गमावण्याचे. शेवटचे गाणे 'डकवर्थ' एक खरी हकिकत सांगते. अँथनी टिफिथ नावाचा तरुण एक चिकनचे दुकान लुटण्याच्या बेतात होता. काउंटरवरच्या नोकराने त्याचा रंग ओळखून त्याला फुकट जास्तीचे खाणे देऊन आपलासा करून ठेवला होता. त्यामुळे तो वाचला. तो नोकर म्हणजे केंड्रिकचे वडील. पुढे कित्येक वर्षांनी त्याच टिफिथच्या कंपनीने केंड्रिकचे अल्बम काढले. हे गाणे संपताच ध्वनिफीत उलटी फिरल्याचा आवाज येतो आणि अल्बमची पहिली ओळ पुन्हा सुरू होते. गाणी शेवटापासून आरंभाकडे ऐकली तरी अर्थ लागतो. २०१७ च्या डिसेंबरात तशा उलट्या क्रमाची आवृत्तीही निघाली. रचनेची ही करामत थोर आहे, परंतु 'बटरफ्लाय'मध्ये जशी माणसांची दाटी आहे तशी येथे नाही. पुलित्झर समितीने तीन वर्षे आधीच जागे व्हायला हवे होते, असे माझे नम्र मत.

पाच वर्षांच्या शांततेनंतर २०२२ साली 'मिस्टर मोराल अँड द बिग स्टेपर्स' हा जोड-अल्बम आला. यात तो मानसोपचार घेणारा माणूस म्हणून बोलतो. 'फादर टाइम'मध्ये मुलाने रडू नये असे शिकवणारा बाप आहे. 'मदर आय सोबर'मध्ये घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या लैंगिक अत्याचाराविषयी तो बोलतो, आणि शेवटी त्याची लहान मुलगी त्याचे आभार मानते. आपल्या घरांत ज्या गोष्टी उंबऱ्याच्या आत पुरल्या जातात त्या उघड बोलण्याचे हे धैर्य आहे. तरीही याच अल्बममध्ये, लैंगिक अत्याचाराच्या खटल्यात सापडलेल्या एका गायकाला त्याने मोठी जागा दिली आहे. माणूस सुधारू शकतो हे त्याला दाखवायचे असेल. पण पीडितेच्या बाजूने गाणे रचायचे आणि शेजारी त्या गायकाला बसवायचे, हे मला पटलेले नाही.

सहावा 'जीएनएक्स' २२ नोव्हेंबर २०२४ रोजी कोणतीही पूर्वसूचना न देता प्रसिद्ध झाला. हे नाव ब्युइक कंपनीच्या १९८७ मधील, म्हणजे त्याच्या जन्मवर्षातील, एका मोटारीचे. बारा गाणी, सारी चपळ. 'रीइन्कार्नेटेड'मध्ये आपण पूर्वजन्मी गिटारवादक होतो, नंतर व्यसनात बुडालेली गायिका होतो, अशी कल्पना करून तो शेवटी परमपित्याशी वाद घालतो. ते गाणे पहिल्या प्रतीचे. बाकी अल्बमवर मात्र त्या वर्षीच्या भांडणाची धग आहे. २०२४ च्या वसंतात कॅनडाच्या ड्रेक या गायकाशी त्याचे गाण्यांतून युद्ध झाले. त्यातील 'नॉट लाइक अस'ला २०२५ मध्ये पाच ग्रॅमी पारितोषिके मिळाली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सुपर बोलच्या मध्यंतरात कोट्यवधी लोकांपुढे ते गायले गेले. शाहिरी कलगी-तुऱ्याचा झगडा आपल्यालाही ठाऊक आहे. त्यात प्रतिपक्षाला कोड्यात अडकवायचे असते. येथे मात्र सिद्ध न झालेले अत्यंत गंभीर आरोप ठेक्यावर नाचवले गेले. जिंकला तो खरा, पण कीशाच्या बहिणीला कडवे देणारा केंड्रिक या गाण्यात मला दिसत नाही.

आता भाषेविषयी. रॅपमध्ये शिव्या असतात हा आक्षेप खरा आहे. स्त्रियांविषयीचे त्यातील कित्येक शब्द मलाही खटकतात. लमारही त्या दोषातून सुटलेला नाही. परंतु 'ही भाषाच अशुद्ध' हा दुसरा आक्षेप मान्य करता येत नाही. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२ मध्ये विजय तेंडुलकरांच्या प्रस्तावनेसह आला, तेव्हा त्याच्या भाषेनेही अनेकांना धक्का बसला होता. आज तो आपण आदराने अभ्यासतो. त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर स्थापन झाली आणि तिने नाव घेतले ते कॅलिफोर्नियातच जन्मलेल्या ब्लॅक पँथरवरून. म्हणजे हे नाते आजचे नाही. त्याच १९७२ साली विल्यम लबॉव या भाषाशास्त्रज्ञाने आपल्या ग्रंथात दाखवून दिले, की कृष्णवर्णीयांच्या इंग्रजीला स्वतःचे काटेकोर नियम आहेत. एक उदाहरण पाहा. त्या बोलीत 'ही बी वर्किंग' म्हटले तर अर्थ होतो, तो नेहमी काम करीत असतो. या क्षणी करतो आहे असा नव्हे. प्रमाण इंग्रजीच्या क्रियापदात हा भेद नाही. आपल्या मराठीत आहे : 'तो घरी आहे' आणि 'तो घरी असतो'. वर्गात ज्या इंग्रजीला आपण चूक म्हणू, तिचे व्याकरण या बाबतीत मराठीच्या जवळचे निघाले! घरी 'हाय' म्हणणारा आणि वर्गात 'आहे' म्हणणारा माझ्यासारखा विद्यार्थी हे वाचून थोडा ताठ बसतो.

माझा क्रम असा : 'बटरफ्लाय', 'गुड किड', 'डॅम', 'मिस्टर मोराल', 'सेक्शन.८०', 'जीएनएक्स'. नव्या श्रोत्याने मात्र आरंभ 'गुड किड'पासून करावा, शब्द समोर ठेवून, सुटी गाणी न निवडता पहिल्यापासून शेवटपर्यंत. सव्वा तास लागेल. आमच्या वर्गातील काही मित्रांना हा क्रम मान्य नाही, आणि एका प्राध्यापकांना तर हा विषयच मान्य नाही. त्या सर्वांना माझे आग्रहाचे निमंत्रण आहे : आधी ऐका, मग वाद घालू. दुपारी चारनंतर मी ग्रंथालयातच असतो.